मणिबेलीची नोटीस आणि आपली आफ्रिका

मागच्या दोन अंकांतल्या कवितांमध्ये आफ्रिका हा शब्द किती वेळा आलाय ते मी बसून मोजलं. अकरा वेळा. त्यातला तीनदा माझ्याच कवितेत. काळी आफ्रिका, पेटती आफ्रिका, आफ्रिकेचा ढोल. अकराच्या अकरा ठिकाणी एकाही देशाचं नाव नाही, नदीचं नाव नाही, कुठल्या साली काय झालं त्याचा पत्ता नाही. आफ्रिका म्हंजे आपल्या रागाला लावलेला रंग. १९७२ साली पँथर निघाली तेव्हा अमेरिकेतल्या काळ्यांच्या चळवळीचं नाव घेण्यात जीव होता. घेणाऱ्यांनी तिच्याबद्दल वाचलं होतं, त्यावर एकमेकांशी भांडणं केली होती. आपुन नुसतं नाव घेतो.

हे मला कुणा प्राध्यापकानं दाखवलं नाही. आमच्या सूतगिरणीत रिंगफ्रेमवर माझ्या शेजारची साईड सांभाळणारा एक दोस्त आहे, तडवी. रात्रपाळीत अडीचला चहा येतो तेव्हा त्याला मी अंक वाचायला दिला. त्यानं मुकाट्यानं वाचला. मग म्हणाला, "भाऊ, हे आफ्रिकेत कोणतं गाव?" मी म्हणालो, गाव कशाला पाहिजे, सगळीच आफ्रिका. तो म्हणाला, "असं कसं? आमचं सांगायचं तर मणिबेली म्हणावंच लागतं ना."

मला उत्तर देता आलं नाही. चहा थंड झाला. त्यानंतर दीड वर्ष मी जे वाचलं, जे पाहिलं, ते इथं लिहितोय. शिक्षण दहावीपर्यंत. इंग्रजी शब्दकोश घेऊन अडखळत वाचतो, तेवढं समजून घ्या.

मणिबेली नकाशावर बघा. महाराष्ट्राचं पार वायव्य टोक, अक्कलकुवा तालुका, नर्मदेचा काठ. १९९८ साली नंदुरबार जिल्हा झाला, त्याआधी हे सगळं धुळे जिल्ह्यात होतं. सरदार सरोवराच्या भिंतीच्या वरच्या अंगाला महाराष्ट्राचं हे पहिलं गाव. महाराष्ट्रातली ३३ गावं बुडिताच्या यादीत आली, पाणी आधी यांच्या दारात. दोस्ताबरोबर मी दोनदा तिकडं गेलो. उतारावरून खाली बघायचं तर पाणीच पाणी, काठाला चिखलाचा पट्टा. आजोबाचं घर कुठं होतं ते दोस्त बोटानं पाण्यात दाखवतो. त्यानं स्वतः ते घर कधी पाहिलेलं नाही, तो जन्मला त्याच्या आधीच ते गेलं. बाप दाखवायचा तसं तो दाखवतो. काही घरं गुजरातेत परवेट्याला गेली, काही तळोद्याकडं, काही नुसती डोंगरावर वर सरकली. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही पाण्याखाली आहे. देवाला गोऱ्याला नवं देऊळ बांधून मिळालं. त्याला सातबारा कुणी विचारला नाही.

त्यांच्या घरी एका लोखंडी पेटीत कागद आहेत. त्यातली एक भूसंपादनाची नोटीस मी चार वेळा वाचली. आपल्याकडं कवितेची समीक्षा होते, आत्मकथनाची होते. पण आपल्या माणसांच्या आयुष्यावर ज्या लिखाणानं सगळ्यात जास्त परिणाम केलाय त्याची समीक्षा कुणी करत नाही. मी करून बघतो.

कायदा १८९४चा. भाषा बघा. त्यात 'तुम्ही' नाही, 'तू' पण नाही. 'हितसंबंधी व्यक्तींनी' अमुक तारखेला हजर राहावं आणि आपलं म्हणणं मांडावं. म्हणणं म्हंजे काय, तर जमिनीत तुमचा हक्क कसला आणि मोबदला किती पाहिजे. जायचं का नाही, हा प्रश्न त्या कलमात नाहीच. हरकत घ्यायचं कलम मूळ कायद्यात नव्हतं, ते १९२३ साली मागून घातलं. काम 'सार्वजनिक प्रयोजनाचं' आहे का, तर सरकारनं तसं जाहीर केलं की तेच निर्णायक. म्हंजे लिहिणाराही तोच, साक्षीदारही तोच, निकाल देणाराही तोच. असा निवेदक कादंबरीत आला असता तर आपल्या टीकाकारांनी त्याची सालं काढली असती.

पण नोटीस आली ते तरी नशीबवान. नर्मदाकाठच्या डोंगरी गावांत पिढ्यान् पिढ्या कसलेली बरीच जमीन सरकारी दप्तरात वनखात्याच्या नावावर होती. सरकार स्वतःची जमीन स्वतःकडून संपादन करत नाही. त्यामुळं त्या जमिनीवरच्या माणसाला नोटीस नाही, मोबदला नाही. त्याचं नाव फक्त एका रकान्यात: अतिक्रमणदार. नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा १९७९चा. पाव हिश्श्याहून जास्त जमीन जाणाऱ्या खातेदाराला कमीत कमी २ हेक्टर जमीन, आणि प्रत्येक सज्ञान मुलाला वेगळं कुटुंब मानायचं. कागदावर चांगलंच आहे. पण 'खातेदार' ह्या एका शब्दाच्या बाहेर किती माणसं उभी राहिली ते बघा. आणि सज्ञान मुलगी त्या वाक्यात कुठंच नाही. पुढं लोकांच्या लढ्याच्या रेट्यानं धोरणं बदलली, गुजरातनं अतिक्रमणदारालाही २ हेक्टर देऊ केले. म्हंजे शब्द बदलता येतो. पण तो बदलायला माणसांना पाण्यात उभं राहावं लागलं.

आता ही जमीन वनखात्याची झाली कशी? १८१८ला पेशवाई गेली आणि खानदेश इंग्रजांकडं आला. सातपुड्यातले भिल्ल दाद देईनात म्हणून १८२५ला औट्रमनं भिल्ल पलटण उभी केली, भिल्लांनीच भिल्लांना धरायचं. मग आले जंगलाचे कायदे, १८६५, १८७८, १९२७. राखीव जंगल करायचं तर जाहीरनामा काढायचा, कमीत कमी तीन महिन्यांची मुदत द्यायची, कुणाचा हक्क असेल तर त्यानं लेखी किंवा समक्ष दावा सांगावा. नाही सांगितला तर हक्क संपला. पुन्हा वाचा. ज्या डोंगरात शाळा नाही, टपाल नाही, तिथं जाहीरनामा वाचणार कोण आणि दावा सांगणार कुणाकडं? वाचता न येणं हाच गुन्हा आणि त्याची शिक्षा जमीन. हे आपल्याला नवीन वाटू नये. ज्यांना अक्षर शिवू दिलं नाही त्यांनाच लेखी पुरावा मागायचा, हा खेळ मनूच्या दुकानात आधीपासून होता. इंग्रजानं त्याला शिक्का दिला.

आणि इथून मी आफ्रिकेत गेलो. दोस्ताचा प्रश्न होता ना, कोणतं गाव. एक गाव सापडलं. चिसोमो. झांबेझी नदीच्या खोऱ्यातलं, आजच्या झांबिया देशात, तेव्हाच्या उत्तर ऱ्होडेशियात. तिथं टोंगा लोक राहायचे. नदीचा गाळ, त्यावर शेती, नदीत न्यामिन्यामी नावाचा देव. टोंगांची जमीन कागदावर लंडनमधल्या वसाहत खात्याच्या मंत्र्याच्या हवाली होती, 'सेक्रेटरी ऑफ स्टेट' म्हणतात त्याला. आपल्याकडंही इंग्रजी अमलात सरकारी जमिनीचे दावे सेक्रेटरी ऑफ स्टेट फॉर इंडियाच्या नावानं चालत. दोन्ही डोंगरांचा मालक एकाच शहरात बसलेला. झांबेझीवर करिबाचं धरण बांधायचं ठरलं १९५५ला, गोऱ्या वसाहतवाल्यांच्या संघराज्यानं. १९५६ला जागतिक बँकेनं ८ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. बँकेचं तोवरचं सगळ्यात मोठं. वीज कुणाला? वरच्या तांब्याच्या खाणींना आणि गोऱ्यांच्या शहरांना. हलवायचं कुणाला? दोन्ही काठांच्या मिळून ५७ हजार टोंगांना.

चिसोमोची माणसं हलेनात. गव्हर्नर स्वतः समजवायला आला. शेवटी सप्टेंबर १९५८मध्ये पोलीस आले. भाले घेऊन उभ्या राहिलेल्या माणसांवर गोळीबार झाला. आठ माणसं मेली. उरलेल्यांना लॉऱ्यांत घातलं. बऱ्याच गावांना दीडशेवर किलोमीटर लांब लुसितूला नेऊन टाकलं. तिथं १९५९ला थोड्याच आठवड्यांत अनेक बाया-पोरं दगावली, कशानं ते नीट कळलंच नाही. त्याच पाण्यात अडकलेली जनावरं सोडवायला गोऱ्यांनी मोठी मोहीम काढली. तिला बायबलमधलं नाव दिलं, ऑपरेशन नोआ. हजारो जनावरं होड्यांतून काढली. जगभर फोटो छापून आले. जनावरं वाचवली याचा मला राग नाही. पण फोटो कुणाचे निघतात ते बघा.

१९६४ला झांबिया स्वतंत्र झाला. धरण आपल्या लोकांचं झालं, सरकार आपल्या लोकांचं झालं. टोंगांची जमीन लंडनच्या मंत्र्याच्या नावावरून राष्ट्राध्यक्षाच्या नावावर आली. टोंगाच्या नावावर नाही आली. विजेच्या तारा टोंगांच्या नव्या गावांना टाळून खाणींकडं जात राहिल्या. सगळं वाक्य तसंच, खालची सही तेवढी बदलली. साम्राज्य गेल्यावर मागं काय राहतं, असा मोठा प्रश्न सभांमधून विचारतात. पुतळे, रस्त्यांची नावं, इंग्रजी शाळा. मला वाटतं हे वाक्य राहतं: जमीन सरकारची आहे आणि तू तिथं सरकारच्या मर्जीनं आहेस. केनियात तर कोर्टानं १९२१ला सरळ तसंच म्हटलं होतं, की किकुयू लोक हे राजसत्तेच्या मर्जीवर राहणारी कुळं आहेत. आपल्या घरात आपुन कूळ.

घानाचं एक सांगून पुढं जातो. तिथं क्वामे एन्क्रूमा, नववसाहतवादावर पुस्तक लिहिणारा माणूस, आपला माणूस. त्यानंही व्होल्टा नदीवर धरण बांधलंच, सुमारे ८० हजार माणसं उठवून, आणि बरीचशी वीज स्वस्तात गेली अमेरिकी कंपनीच्या अॅल्युमिनियमच्या भट्टीला. बांधकाम सुरू झालं १९६१ला. त्याच साली ५ एप्रिलला नेहरूंनी नर्मदेवर कोनशिला बसवली. दोघंही साम्राज्याविरुद्ध तुरुंगात गेलेले. म्हणून मी म्हणतो की हा माणसांच्या चांगल्या-वाईटपणाचा मामला नाही. हातात आलेला कागद आधीच लिहिलेला होता.

मणिबेलीकडं या. १९८५ला जागतिक बँकेनं सरदार सरोवराला ४५ कोटी डॉलर कर्ज दिलं. तीच बँक. बँकेतर्फे १९८३ला पुनर्वसनाची पाहणी करायला आलेला माणूस होता थेयर स्कडर, आणि हा तोच, ज्यानं १९५६पासून करिबाच्या टोंगांचा अभ्यास केला होता. पुनर्वसनाची तयारी धड नाही, हे त्यानं सांगितलं. म्हंजे माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. १९८८ला गुजरात सरकारनं धरणाच्या परिसराला सरकारी गुपितांचा कायदा लावला. कायदा १९२३चा. इंग्रजानं हेरांसाठी केलेला, लागला नदीकाठच्या शेतकऱ्यांना. १९९२ला पोलिसांचा बंदोबस्त लावून मणिबेलीतली घरं उतरवली. गाव हटेना. १९९३च्या पावसाळ्यात पाणी घरांत शिरलं तेव्हा माणसं त्यात उभी होती. त्याच साली १९ नोव्हेंबरला अक्राणीच्या डोंगरात चिंचखेडीला पोलिसांनी गोळी घातली, रेहमल पुन्या वसावे हा पोरगा मेला. चिसोमोत आठ, इथं एक. तिथं राणीचं राज्य होतं, इथं आपलं.

फरकही लिहिला पाहिजे, नाहीतर मी पुन्हा कविताच करतोय. टोंगांना गप्प करता आलं, मणिबेलीला नाही. लोकांच्या दबावानं बँकेला १९९१ला स्वतंत्र समिती नेमावी लागली, मोर्स समिती. तिच्या १९९२च्या अहवालानं प्रकल्पाच्या पुनर्वसनाचे वाभाडे काढले, अतिक्रमणदार ह्या शब्दाचेसुद्धा. मार्च १९९३ला उरलेलं कर्ज रद्द झालं. आणि १९९४ला ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेनं पैसा देऊ नये म्हणून एक जाहीरनामा काढला. त्याला नाव दिलं मणिबेलीचं. पुढं जागतिक धरण आयोग बसला, त्यानं करिबाचीही चौकशी केली, आणि २०००च्या नोव्हेंबरात त्याचा अहवाल लंडनमध्ये नेल्सन मंडेलांच्या हजेरीत प्रसिद्ध झाला. अक्कलकुव्याच्या कोपऱ्यातलं गाव असं आफ्रिकेपर्यंत पोचलं. आपली कविता तिथून निघून मणिबेलीपर्यंत पोचली नाही.

धरण थांबलं नाही, हेही खरं. १८ ऑक्टोबर २०००ला सुप्रीम कोर्टानं बांधायला परवानगी दिली, २०१७ला १३८.६८ मीटर उंचीवर त्याचं लोकार्पण झालं. विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा.

आता आपल्यातल्या भांडणाकडं येतो. हा भाग मी मुद्दाम मागं ठेवला होता.

पहिला मुद्दा नेहमी येतो: इंग्रज आले म्हणून आपुन शिकलो, इंग्रजांच्या पलटणीत गेलो, कोरेगावला लढलो. साम्राज्याला शिव्या देणं हे बामनांचं काम, त्यांचं राज्य गेलं. दोस्तांनो, यातलं खरं ते मी नाकारत नाही. लष्करी शाळा नसत्या तर सुभेदार रामजी सकपाळांच्या घरात पुस्तकं आली नसती. पण पुरतं वाचा. काम झाल्यावर त्याच इंग्रजानं महारांची लष्करभरती बंद केली, आणि गोपाळबाबा वलंगकरांना १८९४ला ती पुन्हा सुरू करा म्हणून अर्ज तयार करावा लागला. साल लक्षात ठेवा. भूसंपादनाचा कायदाही १८९४चाच. आपल्या हातात अर्ज, त्यांच्या हातात नोटीस, दोन्ही एकाच सरकारचे. गावकीची महारकी १८७४च्या वतन कायद्यात बांधून ठेवली ती कुणी? ती गाठ सोडवायला बाबासाहेबांनी १९२८ला मुंबई कौन्सिलात बिल आणलं, ते पास होऊ शकलं नाही. आणि १९३०ला, आधी नागपूरला आणि मग लंडनच्या गोलमेज परिषदेत, बाबासाहेबांनी इंग्रजांना त्यांच्या तोंडावर हिशेब विचारला: तुम्ही यायच्या आधी विहीर बंद, देऊळ बंद, पोलिसात भरती बंद, आणि तुम्ही इतकी वर्षं राज्य करूनही तेच, मग तुमचा उपयोग काय. हे भाषण आपल्यातल्या किती जणांनी वाचलंय? इंग्रज मुक्तिदाता म्हणणाऱ्यांनी तरी वाचावं.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे. बाबासाहेब १९४२ ते ४६ मजूरमंत्री होते, दामोदर, हिराकुड ह्या मोठ्या पाणीयोजनांचा पाया त्यांनी घातला. मग धरणाच्या विरोधात लिहिणारा आंबेडकरवादी कसा? माझ्याशी ह्यावरून गेटवर मारामारी व्हायची राहिली. माझं म्हणणं एवढंच. धरण पाहिजे का नको हा ह्या लेखाचा विषयच नाही. पाण्यावर आमचाही दावा आहे, चवदार तळं विसरणारा मी नव्हे. पण धरणासाठी घरातून ज्याला काढायचं त्याला माणूस म्हणून विचारायचं का चोर म्हणून, हे धरणात ठरत नाही, कागदात ठरतं. आणि कागदाबद्दल बाबासाहेबांच्या देखरेखीत तयार झालेली घटना काय म्हणते? कलम ३७२ म्हणतं, जुने कायदे बदलेपर्यंत चालू राहतील. बदलेपर्यंत. पाचवी अनुसूची म्हणते, आदिवासी क्षेत्रात अमुक कायदा लागू नको असं राज्यपाल ठरवू शकतो. अक्कलकुवा त्या क्षेत्रात आहे. अवजार दिलं होतं. ते पेटीत पडून राहिलं, आणि १८९४चा कायदा ३१ डिसेंबर २०१३पर्यंत जगला. स्वातंत्र्यानंतर ६६ वर्षं.

वाटेत आम्ही गिरणीवाले पण सुटत नाही. मुळशीत १९२१ला मावळ्यांची भातखाचरं गेली, ह्याच १८९४च्या कायद्यानं, टाटांच्या धरणासाठी. वीज मुंबईच्या गिरण्यांना. सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तो मोडला. त्या विजेवर चाललेल्या गिरण्यांत आमचे आजे-पणजे राबले, आणि ज्या खात्यात धागा तोंडानं ओढायचा होता तिथं त्यांना शिवू दिलं नाही. ज्याची जमीन गेली तो मावळा आणि ज्याला खात्यात येऊ दिलं नाही तो महार, दोघांची गाठ कधी पडली नाही. माझी आणि ह्या तडवीची रिंगफ्रेमवर पडली, एवढंच.

माझ्या घरचं सांगतो. आजोबा दादासाहेब गायकवाडांच्या १९६४च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले होते. बाहेर आल्यावर गावच्या गायरानातली पडीक तीन एकर नांगरली. बाप तीच कसतो. १९९१च्या शासन निर्णयानं १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० ह्या काळातली मागासवर्गीयांची गायरानावरची शेती नियमित करायची ठरवली. आमचे कागद तिथपर्यंत गेले आणि कुठल्या तरी टेबलावर थांबले. मग २०२२ला गायरानांवरची अतिक्रमणं काढायच्या नोटिसा गावोगाव निघाल्या, तशी आम्हालाही आली. मी ती मणिबेलीच्या नोटिशीशेजारी ठेवून वाचली. तालुका वेगळा, कायदा वेगळा, साल वेगळं. शब्द एकच. बाप म्हणाला, साठ वर्षं नांगर धरला आणि अजून मी अतिक्रमण का?

म्हणून मला वाटतं, आपल्या कवितेनं आदिवासीला जे काय करून ठेवलंय ते आता बंद करावं. शहरातले चांगले लोक नर्मदेवर लिहितात तेव्हा आदिवासी भोळा असतो, झाडाशी बोलतो, त्याला पैसा कळत नाही. इंग्रजांचं गॅझेटियर उघडा. खानदेशचं १८८०चं आहे. तिथं भिल्ल दंगेखोर आणि दारूडा. भोळा काय, दंगेखोर काय, दोन्हीत तो कागदाबाहेरचा. दोन्हीत तो नोटीस वाचत नाही. माझ्या दोस्ताच्या आजोबानं वाचता येत नसताना तीस वर्षं तो कागद मेणकापडात गुंडाळून ठेवला. चार ठिकाणी घर हललं, कागद हलला नाही. एकदा उंदरानं कोपरा खाल्ला तर म्हातारा दोन दिवस जेवला नाही. ह्याच्यावर आपल्यातल्या एकाही कवीची ओळ नाही. जीवनशाळेत शिकलेली तिकडची पोरं आज अर्ज लिहितात, माहिती अधिकार टाकतात. ती आपल्या कवितेतल्या आदिवासीला ओळखणार नाहीत.

२००६चा वनहक्क कायदा आला तेव्हा त्याच्या सुरुवातीलाच सरकारनं कबूल केलं, की इंग्रजी अमलात आणि स्वतंत्र भारतातही जंगल सरकारजमा करताना वनवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. कायद्याच्या भाषेत असं वाक्य मी पहिल्यांदा वाचलं, मोठ्यानं वाचलं. दोस्ताला ऐकवलं. तो म्हणाला, "मग पुढं काय लिहिलंय?" पुढं लिहिलंय की १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून कसत असल्याचा पुरावा आणा. त्याच्या आजोबाची जमीन १९९३पासून पाण्याखाली आहे. पुरावा माशांकडं.

माझी ती आफ्रिकेच्या ढोलाची कविता संपादकांनी विशेषांकासाठी मागितली आहे. देत नाही. त्यात चिसोमो घालून दुरुस्त करता येईल असं आधी वाटलं होतं, पण नुसतं गावाचं नाव घालून ती सुधारणार नाही. त्याऐवजी ज्यांच्या घरी गायरानाची, वनजमिनीची, वतनाची, धरणाची कसलीही जुनी नोटीस असेल त्यांनी तिची नक्कल अंकाच्या पत्त्यावर पाठवावी. जशीच्या तशी, चुकांसकट, तारीख, कलम आणि जावक क्रमांक वगळू नका. फाटलेली असली तरी चालेल. मूळ कागद पाठवू नका, तो घरीच ठेवा.